कॅचरचा उजवा हात

सकाळी 7:15

दवाखान्यात शिरलं की पहिलं बटण मेणाच्या भांड्याचं. पॅराफिन वितळून पन्नास अंशांच्या थोडं वर स्थिरावायला वेळ घेतं आणि त्यात हात बुडवायला आलेली माणसं थांबायला तयार नसतात. जळगावात मार्च लागला की सकाळीच ऊन अंगावर येतं. अशा दिवसांत गरम मेणात हात घाला म्हटलं, तर नवे पेशंट माझ्याकडे संशयानं बघतात. जुने मुकाट्यानं बाह्या सारतात.

फिजिओथेरपीची पदवी सगळ्या शरीराची असली, तरी माझ्याकडे येतात ते बहुतेक हातच. डाळ मिल, चटईचे आणि पाइपचे कारखाने, सराफ बाजारातले कारागीर, केळीच्या बागा. या जिल्ह्यात हातावर पोट असलेली माणसं भरपूर, आणि इजा होते तीही हातालाच. आजचा पहिला पेशंट चोपड्याकडचा. केळीचा घड उतरवताना विळा करंगळीच्या कंडरेवरून गेला होता. सर्जननं शिवून दिली, आता ती आजूबाजूला चिकटू नये म्हणून माझ्याकडे. "आते बरं शे ताई, रातले दुखस," एवढं बोलून तो मेणात हात बुडवतो आणि डोळे मिटून घेतो.

सकाळी 8:00

आठला ती येते. शाळा दुपारची, म्हणून तिची वेळ ही. नववीत आहे, वय पंधरा, शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची कॅचर. आमच्या भागात सॉफ्टबॉल हा काही परका खेळ राहिलेला नाही. मुली बॅट पाठीला लावून सायकलवर जाताना दिसतात आणि कोणी वळून बघत नाही.

जानेवारीच्या शेवटी एका सामन्यात तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर चेंडू आला. कॅचरला लागतं ते बहुधा असंच: बॅटची कड नुसती चाटून चेंडू इंच-दोन इंच वळतो. डाव्या हातातला ग्लोव्ह चेंडूच्या आधीच्या वाटेवर तयार असतो, आणि चेंडू मात्र शेजारी उघड्या पडलेल्या उजव्या हाताच्या टोकांवर आदळतो. हा चेंडू 12 इंच परिघाचा, वजन साधारण 180 ते 200 ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू 160 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हा त्याहून मोठा आणि जडही. महिलांच्या सामन्यात तो 43 फुटांवरून येतो. वळलेला चेंडू पाहून हात मागे घ्यायला माणसाला वेळच मिळत नाही. कॅचरच्या तोंडावर मास्क, छातीला पॅड, पायांना गार्ड. उजव्या हाताला काहीच नाही, कारण त्याच हातानं फेकायचं असतं.

त्या दिवशी बोट मागच्या बाजूला निखळलं. मैदानावर कोणीतरी ते धरून ओढलं आणि बसवलं. बसलं. पण आत हाडाला मोठी चीर असती किंवा सांध्यात अस्थिबंध अडकलेला असता, तर त्याच ओढण्यानं नुकसान वाढलं असतं. बोट ओढून बसवणारा माणूस प्रत्येक मैदानावर असतो आणि तो नेहमी आत्मविश्वासानं ओढतो. मी प्रत्येक संघाला एवढंच सांगते: आहे त्या स्थितीत पट्टी बांधा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, बोटात अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढा आणि एक्स-रे काढा. तोही नुसता समोरून नाही, नेमका बाजूनं. तिच्या हाडाची कपची बाजूच्या चित्रातच दिसली होती.

बोटाच्या मधल्या सांध्याला तळव्याकडून एक जाड पट्टी असते, व्होलर प्लेट. बोट उलट्या दिशेला वळू नये म्हणून ती अडसर धरते. चेंडूनं ती पट्टी हाडाच्या लहानशा कपचीसकट उपटली. कपची लहान होती, सांधा जागेवर बसला की टिकत होता, त्यामुळे शस्त्रक्रियेची गरज नाही असं सर्जननं सांगितलं. पहिले तीन आठवडे बोटाच्या पाठीवरून एक स्प्लिंट होता: बोट हवं तेवढं वाकू द्यायचं, पण शेवटचे वीसेक अंश सरळ होऊ द्यायचं नाही. नंतर शेजारच्या अनामिकेशी बांधणी. आता सातवा आठवडा सुरू आहे आणि खरी किरकिर आत्ता आहे. हा सांधा मोडल्यावर सैल पडत नाही, उलट आखडतो. पूर्ण वाकत नाही, पूर्ण सरळही होत नाही, मध्येच कुठेतरी अडून बसतो.

गोनिओमीटर लावते. वाकणं 88 अंश, डाव्या हाताचं तेच बोट 104. सरळ होताना 12 अंश कमी पडतात. सांध्याभोवती टेप: गेल्या खेपेपेक्षा घेर दोन मिलिमीटर कमी. तिला आकडे आवडतात, वहीत स्वतः लिहून घेते. मला आकड्यांपेक्षा हवी असते ती मूठ.

"सिग्नल दाखव," मी म्हणते.

ती खुर्चीवरच पाय फाकवून कॅचरसारखी वाकते आणि मांड्यांच्या मध्ये उजवा हात धरते. पिचरला कोणता चेंडू टाकायचा हे कॅचर बोटांनी सांगते. त्यांच्या संघात एक म्हणजे जोरात, दोन म्हणजे वेग कमी केलेला. ती तर्जनी काढते. मधलं बोट तळव्यात पुरतं बसत नाही, अर्धवट बाहेर लोंबतं.

"एक का दोन?"

"दीड," ती म्हणते आणि स्वतःच हसते. "गेल्या आठवड्यात नेटमध्ये पिचरनं हळू टाकला ना, त्याचं कारण हेच."

म्हणून तिचं ध्येय मी अंशांत लिहिलेलं नाही. 'एक हा एकच दिसला पाहिजे.' त्यासाठी रोजचं काम ठरलेलं. आधी मेण, मग मुळाकडचं पेर धरून फक्त मधला सांधा वाकवणं, मग फक्त टोकाचा. मग कंडरा सरकवण्याची ओळीनं पाच रूपं: सरळ हात, आकडा, टेबलासारखा सपाट, सरळ मूठ, पूर्ण मूठ. घाईत केलं तर फक्त मोठे सांधे हलतात आणि आखडलेला सांधा आरामात बसून राहतो. घाई तिला फार. कॅचर असल्यानं मैदानावर सगळं तिलाच दिसत असतं, सगळ्यांना हाक तीच मारते. एका सांध्यापुढे वीस मिनिटं गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही.

मग डावा हात. पेशंट उजव्याची असली तरी कॅचरचा ग्लोव्हमधला हात मी पाहतेच. चेंडू पुन्हा पुन्हा तर्जनीच्या मुळाशी आदळतो आणि वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांत त्या बोटाचा रक्तपुरवठाही बिघडू शकतो. बोट गार पडतं का, मुंग्या येतात का, विचारलं. "सरावानंतर येतात थोड्या." ग्लोव्ह आणायला सांगितलं होतं, तो आणला आहे. शाळेचा आहे, तीन-चार बॅचच्या मुलींनी वापरलेला, तळव्यातलं अस्तर कागदासारखं पातळ. आतून स्पंज बसवून घ्यायचं ठरतं. नवा ग्लोव्ह घ्या असं मी म्हणत नाही. कॅचरचा चांगला ग्लोव्ह केवढ्याला पडतो हे तिच्या आईला माझ्याआधी माहीत आहे.

सकाळी 9:10

आई दारात उभी असते, आत यायचं की नाही हे न ठरलेलं. शेजारच्या काकूंनी तेल दिलंय, रात्री जोरात चोळायचं.

"चोळायचं नाही," मी सांगते. "हलका हात फिरवा, टोकाकडून तळव्याकडे. सूज उतरवायला. पण सांध्यावर जोर नाही आणि ओढणं तर नाहीच."

"मॅडम, हे बोट असंच जाड राहणार का?"

खरं सांगावं लागतं. या सांध्याची सूज सहा महिने, कधी वर्षभर रेंगाळते आणि थोडी जाडी कायमची राहू शकते. "पुढे अंगठी..." आई अर्धवट बोलते. मुलगी छताकडे बघते. मी म्हणते की अंगठी अनामिकेत घालतात आणि तिची अनामिका ठणठणीत आहे. आईला हे पटलेलं दिसत नाही, पण हसू येतं.

घरचं काम मात्र मी वाढवून दिलं. थेरपीची पुट्टी मिळते, पण महाग आणि मुलं ती हरवतात. कणीक रोज असते. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळा तिनं मळायचा, बोटं आत रुतवून. "आणि भाऊ?" तिनं लगेच विचारलं होतं. भावाला बोटाची इजा नाही, त्यामुळे त्याला मळायला हरकत नाही, असं मी सांगितल्यापासून घरात काय चाललंय ते विचारायची मला हिंमत झालेली नाही.

सकाळी 10 ते दुपारी 1

डाळ मिलमधला, मनगट मोडलेल्या दोन आजी, दागिने घडवणारा एक कारागीर ज्याचा अंगठा चिमटा धरून धरून दुखतोय. आज्यांपैकी एक मेणातून हात काढून वाळल्यावर ते सोलून पुन्हा भांड्यात टाकते, वाया जाऊ नये म्हणून. ते काढून टाकायला मी ती बाहेर पडायची वाट पाहते.

दुपारी 1:20

जेवायला बसते तोच एक बाप मुलाला घेऊन येतो. अकरा वर्षांचा, गल्लीतला यष्टिरक्षक. काल टेनिस बॉल सोडून सीझन बॉलनं खेळले. करंगळीचं टोक खाली झुकलेलं आणि सरळ होत नाही. मोठ्या माणसात असं दिसलं तर बहुतेक वेळा कंडरा सुटलेली असते, तिथे टोक सरळ ठेवणारा स्प्लिंट सहा ते आठ आठवडे अखंड लावला की पुष्कळदा काम भागतं. या मुलाचं नख मात्र मुळाशी वर आलेलं आहे आणि खाली रक्त आहे. वाढत्या मुलांत ही खूण वेगळीच गोष्ट सांगते: वाढपट्टीतून हाड मोडलंय आणि ते नखाखालून उघडं पडलंय. हे धुऊन, नख जागेवर बसवून, प्रतिजैविक देऊन सर्जननंच करायचं काम. स्प्लिंट लावून घरी पाठवलं तर हाडात जंतुसंसर्ग होऊ शकतो. बाप म्हणतो, "नख आहे हो, पडेल आणि येईल नवं." मी सर्जनला फोन लावते आणि दोघांना तसंच रिक्षात बसवते.

भात गार झालेला असतो.

दुपारी 3:30

सर्जनशी परत बोलणं होतं. मुलगा पोहोचला. मग विषय कॅचरचा: ताजा एक्स-रे चांगला, कपची सांधलेली, सांधा सरळ रेषेत. बोट सरळ करायला आता जोर लावायची मुभा. म्हणून रात्रीचा स्प्लिंट आज बनवते. प्लास्टिकचा पत्रा कढत पाण्यात टाकला की पापडासारखा लोळतो आणि हातावर बसवून बसवून दोन-तीन मिनिटांत पुन्हा कडक होतो. कालच तिच्या बोटाचा नमुना घेतला होता, त्यावरून काप काढला आहे. रात्री झोपेत बोट 12 वरून 10 अंशांकडे, मग 8 कडे. दिवसा वाकवायचं, रात्री सरळ. सांध्याला दोन्ही दिशांची आठवण ठेवावी लागते.

तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन येतो. वार्षिक परीक्षा जवळ आल्या, लिहायला लेखनिक द्यायचा का? नको. पेन मधल्या बोटाच्या कडेवर टेकतं, म्हणून पेनला जाड स्पंजची नळी लावली आहे. दर अर्ध्या तासानं एक मिनिट हात उघड-मीट करू द्या, एवढं पुरे. लेखनिक दिला तर हात तीन तास नुसता मांडीवर पडून राहील.

संध्याकाळी 5:45

मैदान. दवाखान्यात कॅचर बरी होत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि ते मी सहकाऱ्यांना ऐकवून कंटाळवाणी झाले आहे. आपण बोट मोजतो, मूठ मोजतो, पकड मोजतो (तिची उजवी 18 किलो, डावी 21), आणि मग त्याच मुलीला नेमक्या त्याच जागी, नेमका त्याच सवयीचा हात घेऊन बसवतो. बोट दुरुस्त करणं माझं निम्मं काम. तो हात पुन्हा कुठे ठेवायचा हे ठरवणं उरलेलं, आणि ते सरांशिवाय होत नाही.

सर क्रीडाशिक्षक, स्वतः जुने कॅचर. त्यांचा उजवा हात बघितला की खेळाचा अर्धा इतिहास दिसतो: दोन बोटं वाकडी, एक टोकाशी चपटं. हा खेळ 1887 मध्ये शिकागोत एका बंदिस्त सभागृहात सुरू झाला आणि तिथे आजही 16 इंचांचा मोठा चेंडू घेऊन ग्लोव्हशिवाय खेळणारे आहेत. त्यांच्या वाकड्या बोटांचं तिथे कौतुक होतं म्हणे. सरांनाही आपल्या बोटांचा थोडा अभिमान आहे. तो मला मुलींमध्ये उतरायला नको आहे.

आधी फेकणं. अनामिकेला टेपची जोड, सांधा मोकळा ठेवून वर एक आणि खाली एक पट्टी. फेकताना तर्जनी, मधलं आणि अनामिका शिवणीवर बसतात, म्हणून टेप पातळ, नाहीतर चेंडू निसटतो. गेल्या आठवड्यात टेनिस बॉल 30 फुटांवर. सकाळी सूज वाढली नव्हती, म्हणून आज सॉफ्टबॉल, 40 फूट, पंचवीस फेक, विश्रांती, पुन्हा पंचवीस. एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी घेर वाढला असेल तर पुढचं अंतर नाही, तेच पुन्हा. तिचं शेवटचं अंतर ठरलेलं आहे: होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे जवळजवळ 85 फूट, बसल्या जागेवरून उठून. बेस चोरायला निघालेल्या धावपटूला तिथेच गाठायचं असतं.

अठराव्या फेकीला चेंडू उजवीकडे सुटतो. ती हात झटकते. दुखलं? "नाही." दुसऱ्यांदा विचारल्यावर: "थोडं." थांबवते. ती पाय आपटत पाण्याच्या बाटलीकडे जाते. ही लढाई रोजची. पहिल्या महिन्यात बोट हलवायला घाबरत होती, आता थांबायला तयार नाही.

मग बसणं. सर तिच्यापासून दहा फुटांवरून टेनिस बॉल हलकेच टाकतात. बॅट नाही, कोणी धावत नाही. माझं मागणं एवढंच: बेसवर कोणी नसेल तेव्हा उजवा हात पाठीमागे, टाचेजवळ.

"आणि बेसवर कोणी असेल तेव्हा?" सर विचारतात. "पाठीमागून हात आणून फेकेपर्यंत तो दुसऱ्या बेसवर चहा पिऊन होईल, मॅडम."

त्यांचं बरोबर आहे. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावपटूला बेस सोडता येत नाही, पण सुटला की क्षणाचाही वेळ नसतो. म्हणून मधला मार्ग: धावपटू असेल तर हात ग्लोव्हच्या मागे, सैल मूठ, अंगठा आत घेतलेला. मूठ उघडायची ती चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्यावरच. सैल मुठीवर चेंडू लागला तर मूठ थोडी दबते. ताठ सुट्या बोटाच्या टोकावर लागला तर सगळा धक्का एका सांध्यात जातो.

टेनिस बॉल ग्लोव्हमध्ये येतो. तिचा उजवा हात आपोआप उघडतो, चेंडूच्या आधी. पुन्हा. पुन्हा उघडतो. सातवी-आठवीपासूनची सवय आहे, एका संध्याकाळी जाणार नाही. सर आता तिच्या उजव्या मुठीत लहानसा रुमाल देतात: चेंडू ग्लोव्हमध्ये यायच्या आत रुमाल खाली पडला तर एक फेरी मैदानाला. ही युक्ती मला सुचली नसती.

तिसऱ्या फेरीनंतर रुमाल हातात राहायला लागतो.

संध्याकाळी 7:10

दिवे लागतात. सर बाजूला घेतात. जिल्हा संघाची निवड चाचणी दहा दिवसांवर आहे. "घेऊ का?"

मी अटी मोजून दाखवते: पूर्ण मूठ, दाबल्यावर न दुखणारा सांधा, पकड डाव्या हाताएवढी तरी, 85 फूट फेकून दुसऱ्या सकाळी सूज नाही, आणि रुमाल. दहा दिवसांत यातलं फेकणं 60 फुटांपर्यंत जाईल, बॅटिंगही स्टँडवरच्या चेंडूपासून सुरू करता येईल. पिचरचा चेंडू पकडणं नाही.

"2028 ला ऑलिंपिकमध्ये परत येतोय खेळ," सर म्हणतात. 1996 ते 2008 होता, मग वगळला, टोकियोत आला, पॅरिसमध्ये नव्हता. त्यांना हे सगळं तोंडपाठ आहे. त्याचा या पंधरा वर्षांच्या बोटाशी संबंध काय, ते ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही. शेवटी चाचणीच्या कागदावर तिचं नाव ते 'फेक आणि बॅटिंग' या रकान्यासमोर लिहितात. कॅचरच्या जागी आठवीतली दुसरी मुलगी. माझ्या कॅचरला हे सांगायला ते स्वतः जातात, हे मला आवडतं.

रात्री 9:40

उद्याच्या पेशंटची यादी, दोन स्प्लिंटचे पट्टे शिवायचे आहेत. करंगळीवाल्या मुलाची शस्त्रक्रिया झाली, उद्या दुपारी घरी सोडणार. मग तिचा मेसेज.

'स्प्लिंट घातला. ताणतोय पण दुखत नाही.'

'बोट पांढरं पडलं किंवा मुंग्या आल्या तर काढ.'

'हो. सर बोलले. ठीक आहे.' मध्ये बराच वेळ काही नाही. 'मी त्या आठवीतल्या मुलीला सिग्नल शिकवणार आहे.'

'चांगलं.'

'ताई, ती उजवा हात उघडा ठेवते. मी आज नीट पाहिलं.'

'मग सांग तिला.'

'सांगितलं. ऐकत नाही. उद्या रुमाल घेऊन जाते.'